एल, आय आणि पुढे काहीच नाही

बाबांचा संगणक सुरू व्हायचा थांबला त्या दिवशी काळ्या पडद्यावर दोनच रोमन अक्षरं आली होती. एल आणि आय. बास.

२००३ सालची गोष्ट. घरात एकच संगणक आणि त्यावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम्स. एक बाबांची, एक माझी. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. रोज सकाळी चहा झाला की तासभर बसून ते आठवणी टाइप करायचे, एका बोटाने, शिवाजी फॉन्टात. गाव, शाळा, पहिली नोकरी, ७२ चा दुष्काळ... चाळीसेक पानं झाली होती. (आत्याला आठवत असेल, तिला फोन करून ते तारखा विचारायचे.) मी शेजारच्या पार्टिशनवर लिनक्स टाकून काहीबाही शिकत होतो. एका रविवारी दुसरी हार्ड डिस्क जोडायला म्हणून मी डबा उघडला, बायोसमध्ये शिरून डिस्कची एक-दोन सेटिंग्ज बदलून पाहिली, आणि नंतर बटण दाबलं तर ही दोन अक्षरं.

संध्याकाळपर्यंत नाही नाही ते उपाय केले. शेवटी वैतागून लिनक्सची सीडी घातली आणि "सगळी डिस्क वापरू का?" या प्रश्नाला हो म्हटलं. दोन तासांत संगणक सुरू झाला. बाबांची पानं सोडून सगळं परत आलं.

त्या दोन अक्षरांचा अर्थ मला फार उशिरा कळला. तो कळायला मागचा इतिहास माहीत असावा लागतो, आणि तो इतिहास गंमतीचा आहे. म्हणून मंडळी, आज तोच सांगतो. ज्यांच्या घरी दोन सिस्टीम्सवाला संगणक आहे त्यांना उपयोगही होईल.

अडचण मुळात अशी. संगणकाला काहीही करायचं तर आधी प्रोग्रॅम लागतो. डिस्कवरून प्रोग्रॅम वाचून आणायचा, तर वाचून आणण्यासाठीही प्रोग्रॅमच लागतो. मग सगळ्यात पहिला कोण आणणार? १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकात हे काम माणूसच करायचा. पुढच्या पट्टीवर बटणांची रांग. ती खालीवर करून एकेक सूचना हाताने मेमरीत भरायची. एवढ्या इवल्या प्रोग्रॅमच्या जोरावर मग पुढचा मोठा प्रोग्रॅम कागदी पट्टीवरून वाचला जायचा. पॉल ॲलन अल्टेअरवर बेसिक भाषा दाखवायला विमानाने अल्बुकर्कीला निघाला, आणि हा पहिला इवला प्रोग्रॅम लिहायचाच राहिलाय हे त्याला वाटेत आठवलं. त्याने तो विमानातच लिहिला. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला उचलायचं, या अर्थाच्या बूटस्ट्रॅप या शब्दावरून या प्रकाराला बूट म्हणायला लागले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यात हा पहिला प्रोग्रॅम रॉममध्ये कायमचा कोरलेला होता, तोच बायोस. बायोसचं या बाबतीतलं काम अगदी साधं. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, उचलायचा, मेमरीत ठराविक जागी ठेवायचा आणि "आता तू बघ" म्हणून बाजूला व्हायचं. त्या सेक्टरात कोण बसलंय, चोर आहे की साव, हे बायोस बघत नाही. पहिल्या पीसीला हार्ड डिस्क नव्हतीच, फ्लॉपी होती. त्यामुळे भांडणही नव्हतं. ज्या सिस्टीमची फ्लॉपी घालाल ती सुरू. आयबीएमने पीसीसाठी तीन वेगवेगळ्या सिस्टीम्स विकायला ठेवल्या होत्या. डॉस ही त्यातली एक.

मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन. (हो, दहाच. आज मोबाइलने काढलेले दोन-तीन फोटो मावतील.) डिस्क तर आता आतच बसलेली, फ्लॉपीसारखी काढता-घालता येत नाही. मग एकाहून जास्त सिस्टीम्स वापरणाऱ्याने काय करायचं? त्यासाठी डॉस २.० बरोबर पार्टिशनची कल्पना आली. डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग पाडता येतील, आणि प्रत्येक भागात वेगळी सिस्टीम राहू शकेल. पहिल्या सेक्टरची वाटणीही ठरली. ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, चार भागांच्या नोंदींसाठी प्रत्येकी १६ म्हणजे ६४ बाइट, आणि शेवटी ओळखीची खूण म्हणून २ बाइट. झाले ५१२.

म्हणजे बघा, एका डिस्कवर दोन सिस्टीम्स ठेवणं हा लिनक्सवाल्यांचा आगाऊपणा नाही. ती सोय पीसीच्या पहिल्या हार्ड डिस्कपासून आहे. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असायची ना, तसं. फक्त दिंडी दरवाजा एकच, तो ४४६ बाइटचा. बिऱ्हाडं चार होतील हे धरलं होतं, पण दाराची किल्ली कोणाकडे राहणार हे कोणीच ठरवलं नाही. पुढची चाळीस वर्षं सगळी भांडणं यावरून झाली.

१९९२ च्या ओएस/२ २.० मध्ये आयबीएमने बूट मॅनेजर दिला. सुरुवातीलाच यादी दाखवायची आणि कोणाकडे जायचंय ते विचारायचं. शहाणपणाची कल्पना. विंडोजचा खाक्या मात्र वेगळा. ९५ घ्या, ९८ घ्या, एक्सपी घ्या, बसवताना ते पहिल्या सेक्टरातला प्रोग्रॅम स्वतःचा लिहून मोकळं व्हायचं. आधी तिथे कोण होतं याची चौकशी नाही. आधीच्या सिस्टीमचं घर शाबूत, सामान जागच्या जागी, पण दारावर नवं कुलूप. लोकांना वाटायचं लिनक्स पुसलं गेलं. खरं तर तिकडे जायचा रस्ता तेवढा पुसलेला असायचा.

आता आपल्या दोन अक्षरांकडे. लिनक्सचा जन्म १९९१ चा, आणि गंमत म्हणजे त्याच्या बाळपणीही एक बंद पडलेला संगणक आहे. लिनस टोरव्हाल्ड्सच्या डिस्कवर मिनिक्स आणि लिनक्स अशी दोन्ही बिऱ्हाडं होती. मोडेमला नंबर फिरवायला सांगताना त्याने चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच तो हुकूम धाडला, आणि मिनिक्सच्या पार्टिशनची सुरुवातच खराब केली. मिनिक्स पुन्हा बसवत बसण्यापेक्षा आता लिनक्सवरच राहायचं, असं त्याने ठरवलं. त्याचं नुकसान असं सत्कारणी लागलं. सगळ्यांचं लागत नाही.

१९९२ मध्ये वर्नर आल्मेसबर्गरने लिलो लिहिला. लिनक्स लोडरचं लघुरूप. लिलोला फाइल सिस्टीम वाचता येत नव्हती. फाइल म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. लिनक्सचा गाभा डिस्कवर कुठल्या कुठल्या जागी ठेवलाय त्यांचे नुसते आकडे तो लिहून ठेवायचा, आणि सुरू होताना त्या आकड्यांवर जाऊन माल उचलायचा. गाभा बदलला किंवा फाइल हलवली की जुने आकडे बाद. म्हणून दर बदलानंतर लिलो ही आज्ञा पुन्हा चालवावी लागायची. ती विसरली की दुसऱ्या दिवशी बोंब.

पण लिलोच्या लेखकाने एक फार चांगली गोष्ट करून ठेवली होती. एवढ्याशा जागेत चुकीचे संदेश लिहायला जागा नाही. म्हणून एकेक टप्पा पार पडला की लिलो स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर छापायचा. एल म्हणजे पहिला टप्पा सुरू झाला. एल-आय म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून आणला, पण चालवता आला नाही. एल-आय-एल म्हणजे दुसरा चालू झाला, पण नोंदींचा तक्ता मिळाला नाही. चारही अक्षरं आली की सगळं ठीक. कुठल्या अक्षरावर अडला ते पाहायचं आणि कारण ओळखायचं. वैद्याने नाडी बघावी तसं.

आणि एल-आय वर अडला तर? पुस्तकात कारणं दोनच दिली होती. एक तर फाइल हलवली आणि लिलो पुन्हा चालवला नाही, किंवा डिस्कचा हिशोब बायोस एक सांगतंय आणि लिलोने दुसराच धरलाय. मी त्या रविवारी बायोसमध्ये डिस्कचं सेटिंगच बदललं होतं! ते पूर्ववत केलं असतं तर झालं असतं. नाहीतर फ्लॉपीवरून लिनक्स चालू करून एका शब्दाची आज्ञा. किंवा विंडोज ९८ च्या फ्लॉपीवरून एफडिस्कला एमबीआर असं सांगून दरवाजावर जुना प्रोग्रॅम बसवता आला असता. यातल्या कुठल्याही उपायाला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला नसता, आणि कुठल्याही उपायात बाबांच्या पानांना धक्का लागला नसता. संगणक तर मला स्पष्ट सांगत होता, कुठे अडलंय ते. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती.

असो.

लिलोच्या या घोकंपट्टीवर उपाय म्हणून ग्रब आला. एरिख बोलेन याने १९९५ मध्ये तो लिहायला घेतला तो लिनक्ससाठी नव्हे, तर ग्नू हर्ड ही दुसरीच सिस्टीम सुरू करता यावी म्हणून. हर्ड आजही फारसा कोणी वापरत नाही, आणि ग्रब जगभर पसरला. नशीब एकेकाचं! ग्रबला फाइल सिस्टीम वाचता येते. तो आकड्यांवर न जाता नावाने फाइल शोधतो, आणि अडला तरी स्वतःचा छोटा पडदा उघडून "आता काय करू?" म्हणून हुकुमाची वाट पाहतो. एवढी हुशारी ४४६ बाइटमध्ये मावणार कशी? म्हणून पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामध्ये जी ६२ सेक्टरांची मोकळी जागा राहायची, तिथे ग्रबने आपलं बिऱ्हाड थाटलं. आपल्या वाड्याच्या भाषेत, देवडीवर. पण ती जागा रिकामी दिसते म्हणून विंडोजवरची काही परवाना तपासणारी सॉफ्टवेअर्सही तिथे गुपचूप आपल्या खुणा लिहून ठेवायची. सकाळी विंडोजवर काम केलं आणि संध्याकाळी ग्रब उठेना, अशा तक्रारी त्यातून यायच्या. शेवटी ग्रब २ मध्ये असल्या सेक्टरांना बगल द्यायची सोय करावी लागली.

आपल्याकडे या काळात लिनक्स घरोघरी पोचलं ते सीड्यांतून. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर सीडी यायची. २००५ पासून उबुंटूची सीडी नुसती मागितली तरी पोस्टाने फुकट घरी यायची, २०११ पर्यंत ही योजना चालू होती. पोस्टमनकडून परदेशी पाकीट घेताना काय वाटायचं ते ज्यांनी मागवली त्यांनाच माहीत. या सीडीचा मोठा गुण असा की डिस्कला हात न लावता नुसत्या सीडीवरून संगणक सुरू व्हायचा. क्लाउस क्नॉपरच्या क्नॉपिक्सने २००० पासून ही वाट रुळवली होती. नवीन सिस्टीम बघायला म्हणून आलेली ही सीडी बंद पडलेल्या संगणकासाठी मोठा आधार ठरली. दाराला कुलूप लागलं तरी खिडकीतून आत जाऊन सामान बाहेर काढता येऊ लागलं.

मग दरवाजाच बदलला. जुन्या पद्धतीच्या नोंदीत आकडे मावायचे ते २ टीबीपर्यंतच्या डिस्कचे. डिस्क त्याहून मोठ्या झाल्या. तिकडे इंटेलने इटॅनियमसाठी ईएफआय ही नवी पद्धत तयार केलीच होती. २००५ मध्ये तिच्यासाठी यूईएफआय फोरम स्थापन झाला आणि हळूहळू बायोस मागे पडलं. नव्या पद्धतीत डिस्कवर एक छोटं सामाईक पार्टिशन असतं. त्यात प्रत्येक सिस्टीमचं वेगळं फोल्डर. कोण कोण आहे आणि पहिला मान कुणाचा याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. पार्टिशनच्या तक्त्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटीही ठेवतात. म्हणजे १९८३ मध्ये राहून गेलेली गोष्ट झाली, प्रत्येक बिऱ्हाडाला दारावर आपली पाटी लावायला जागा मिळाली. आता एकाने दुसऱ्याचा प्रोग्रॅम खोडायची गरज नाही. फार तर कोणी यादीत स्वतःला वर चढवून घेतो, आणि तेही आपल्याला पुन्हा खालीवर करता येतं.

भांडण मात्र मिटलं नाही, कारण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर दारावर पहारेकरी आला. सिक्युअर बूट. सही-शिक्का असल्याशिवाय आत सोडणार नाही. बहुतेक संगणकांत मान्य शिक्का मायक्रोसॉफ्टचा. मग लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम केला, त्यावर तो शिक्का घेतला, आणि पुढे ग्रबची ओळख शिम पटवून देतो. मधला ओळखीचा माणूस. हेतू चांगलाच आहे, कारण सुरुवातीच्याच प्रोग्रॅममध्ये शिरलेला व्हायरस पकडणं महाकठीण. पण जुलै २०२० मध्ये ग्रबमध्येच बूटहोल नावाची मोठी फट सापडली, आणि नंतर आणखी काही. फट असलेले जुने ग्रब दारावरच अडवायचे, तर पहारेकऱ्याला त्यांची यादी द्यायला हवी. अशी यादी ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटबरोबर आली. दोन सिस्टीम्स असलेल्या संगणकांना ती लावायची नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. पण त्यातले बरेच संगणक त्या अपडेटला ओळखताच आले नाहीत. मंगळवारी अपडेट घेतलं आणि नंतर लिनक्स निवडलं तर पडद्यावर संदेश, समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग. काहीतरी फार मोठं बिघडलंय!

बिघडलं काय होतं? लिनक्स जागच्या जागी, फायली जागच्या जागी. पहारेकऱ्याने ओळख नाकारली, एवढंच. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जायचं, एका आज्ञेने ती यादी काढून टाकायची, परत सुरू करायचं. ज्यांना हे माहीत होतं त्यांचा संगणक दहा मिनिटांत चालू झाला. माहीत नसणाऱ्याला तो संदेश वाचून काय वाटलं असेल, याची मला पक्की कल्पना आहे.

हे सगळं आज लिहायचं निमित्त भाच्याचा फोन. "मामा, लॅपटॉप गेला. ग्रब रेस्क्यू असं काहीतरी येतंय. मित्र म्हणतो फॉरमॅट मार." मी आधी त्याला म्हटलं, हात मागे घे. मग विचारलं, शेवटचं काय केलंस? जागा हवी म्हणून साहेबांनी विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलं होतं. ग्रबचं दार तेवढं उरलं, मागे घर नाही. त्याला सुरू करताना एफ१२ दाबायला सांगितलं. त्याच्या लॅपटॉपवर तीच कळ होती, तुमच्याकडे वेगळी असेल. यादी आली, त्यातून विंडोज निवडलं, आणि त्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट समोर. हुश्श!

तर कधी तुमच्यावर ही वेळ आली, तर एवढं करा. पडद्यावर जे आलंय ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. शेवटचं आपण काय केलं ते आठवा. डिस्कवर काहीही लिहू नका. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून सुरू करा आणि आधी आपल्या फायली बाहेर काढून घ्या. दुरुस्ती नंतर. ग्रब पुन्हा बसवायचा असेल तर मूळ सिस्टीम ज्या पद्धतीने बसवली, जुनी बायोसची की नवी यूईएफआयची, त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू झालाय ना ते बघा. निम्म्या खटपटी इथेच फसतात. पार्टिशनचा तक्ताच गेला असेल तर टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्रॅम हरवलेली पार्टिशन्स शोधून देतो.

आणि आजची एक गोष्ट जुन्या काळी नव्हती. आता बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज डिस्क कुलूपबंद ठेवतं, बिटलॉकरने. तिथे पेनड्राइव्हवाली खिडकी उघडत नाही. ४८ आकडी किल्ली मागतात, आणि ती नसेल तर पार्टिशन धडधाकट असूनही आतलं काही मिळत नाही. आपल्याकडे ती आहे का हे आजच बघा. बघितलीत की कागदावर लिहून कपाटात ठेवा. संगणकातच ठेवू नका, प्लीज!

बाबा तेव्हा रागावले नव्हते. "जाऊ दे, परत लिहीन," म्हणाले. संगणकावर पुन्हा काही बसले नाहीत, पण एक दोनशे पानी वही आणली आणि सुरुवातीपासून लिहायला घेतलं. ती वही आता माझ्याकडे आहे. गाव आहे, शाळा आहे. बावीस पानं भरली आहेत, पुढची कोरी. दुष्काळापर्यंत ते पोचले नाहीत.